‘चेक इंजिन’चा दिवा लागला? मोबाइलच्या मदतीने गाडीचा बिघाड घरीच कसा ओळखायचा

मागच्या उन्हाळ्यात वर्धा रोडच्या डबलडेकर उड्डाणपुलावर चढताना आमची गाडी झटके द्यायला लागली. बाबा शेजारी, मागे आई, बाहेर ४५ अंश. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकत होता. कशीबशी गाडी पुलावरून उतरवली आणि जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला: “कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय, बदलावा लागेल.” खर्चाचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास. बाबा पेन्शनर माणूस, तरी ते चेकबुक काढायच्या तयारीत होते.

शेवटी ते काम दोन-अडीच हजारांत झालं. बिघाड एका इग्निशन कॉइलचा होता आणि तो आम्ही घरच्या अंगणात, मोबाइल आणि एका पान्याच्या मदतीने शोधला. पण या गोष्टीत माझी एक मोठी चूकही आहे, ती पुढे सांगतो. कारण तुमच्यापैकी बरेच जण नेमकी तीच चूक करण्याची शक्यता आहे.

या लेखात गाडीचे नेहमीचे बिघाड घरी कसे ओळखायचे, त्यातलं काय स्वतः दुरुस्त करता येतं आणि कुठे हात लावायचा नाही, हे एकेक करून बघूया. लेख सेव्ह करून ठेवा, गरज पडेल तेव्हा नेमका भाग उघडता येईल.

१. ओबीडी म्हणजे काय?

आजच्या गाडीत इंजिनवर लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. तापमान, हवा, पेट्रोल, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन अशा अनेक गोष्टींचे सेन्सर त्याला सतत माहिती पाठवत असतात. एखादी गोष्ट मर्यादेबाहेर गेली की ईसीयू एक कोड साठवतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा लावतो. हा कोड बाहेरून वाचता यावा म्हणून जी पद्धत ठरली, ती म्हणजे ओबीडी, ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे ते बीएस-४ च्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आलं. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. म्हणजे तुमची गाडी २०१७ नंतरची असेल, तर तिच्यात ओबीडी आहे असं समजायला हरकत नाही. त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत असतं, पोर्ट शोधून खात्री करा.

पोर्ट कुठे असतो? स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या बाजूला, बहुतेक वेळा बोनेट उघडायच्या खटक्याजवळ किंवा फ्यूज बॉक्सपाशी. मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघा. १६ छिद्रांचा, एका बाजूने थोडा अरुंद असा प्लास्टिकचा सॉकेट दिसेल. कधी त्यावर झाकण असतं.

२. काय विकत घ्यायचं आणि कसं जोडायचं?

बाजारात ‘ईएलएम ३२७’ नावाचे छोटे अडॅप्टर मिळतात. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनेडियन कंपनीची. ऑनलाइन मिळणारे स्वस्त अडॅप्टर बहुतेक तिच्या नकला असतात. साधे कोड वाचायला तेवढे पुरतात, पण काही फारच हलके असतात आणि मध्येच कनेक्शन तोडतात. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा: अँड्रॉइड असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालतो. आयफोन असेल तर वाय-फायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो. साधा ब्लूटूथ अडॅप्टर घेऊन ‘जोडलाच जात नाही’ म्हणत बसलेले दोन मित्र मी पाहिलेत.

ॲपमध्ये ‘टॉर्क’ (फक्त अँड्रॉइडसाठी) आणि ‘कार स्कॅनर’ (दोन्हींसाठी) ही माझ्या वापरातली. जोडायची पद्धत अशी:

• गाडी बंद ठेवून अडॅप्टर पोर्टमध्ये बसवा.
• चावी ‘ऑन’ करा, पण सेल्फ मारू नका. पुश-बटणाची गाडी असेल तर ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा.
• मोबाइलच्या सेटिंगमधून ब्लूटूथ किंवा वाय-फाय जोडा, मग ॲप उघडून कनेक्ट करा.
• ‘फॉल्ट कोड’ वाचा. प्रत्येक कोडचा स्क्रीनशॉट काढा.
• ‘फ्रीझ फ्रेम’ असा पर्याय दिसला तर तोही बघा. कोड आला त्या क्षणी इंजिनचा वेग, तापमान, गाडीचा वेग किती होता हे त्यात असतं.
• काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो. अडॅप्टर लावून गाडी आठवडाभर उभी ठेवली तर बॅटरी बसू शकते.

३. दिवा काय सांगतो, कोड काय सांगतो?

आधी दिवा बघा. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, सावकाश घरी या आणि कोड वाचा. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात ‘मिसिंग’ करतंय. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही आणि ते कच्चं पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये जातंय. तिथे ते जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापतो की आतून वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, गाडी बंद करा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरसुद्धा पुढे नेऊ नका.

कोड एक इंग्रजी अक्षर आणि चार अंक असा असतो. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसारखे भाग, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे कॉम्प्युटरांमधलं आपसातलं बोलणं. पुढचा पहिला अंक शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत सारखा. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्याच मॉडेलसाठी शोधायचा. साधी ॲप बहुतेक वेळा ‘पी’चेच कोड दाखवतात. एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा लागला असेल आणि ॲप ‘काही बिघाड नाही’ म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नेहमी दिसणारे काही कोड:

• पी०३०१ ते पी०३०४: त्या-त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पहिला संशय स्पार्क प्लग आणि कॉइलवर.
• पी०३००: मिसिंग आहे, पण एका ठरावीक सिलिंडरमध्ये नाही. प्लग, पेट्रोलचा दाब, हवेची गळती यांपैकी काहीही.
• पी०१७१: हवा जास्त, पेट्रोल कमी. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, घाण झालेला हवेचा सेन्सर, कमजोर फ्यूएल पंप.
• पी०१७२: त्याच्या उलट, पेट्रोल जास्त. चोक झालेला एअर फिल्टर किंवा गळणारा इंजेक्टर.
• पी०४२०: कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं ईसीयूला वाटतंय. ‘वाटतंय’ हा शब्द महत्त्वाचा. एक्झॉस्टची गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरमुळेही हा कोड येतो.
• पी०१२८: इंजिन वेळेत गरम होत नाही. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला.
• पी०११३: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. एअर फिल्टर साफ केल्यावर कनेक्टर परत लावायचा राहिला की हा हमखास येतो.
• पी०५६२: व्होल्टेज कमी. बॅटरी, टर्मिनल किंवा अल्टरनेटर तपासा.

४. कोड म्हणजे निदान नाही

आता माझी चूक. एप्रिलमध्ये दिवा पहिल्यांदा लागला तेव्हाच मी अडॅप्टर मागवला होता. कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. ॲपमध्ये ‘क्लिअर’ बटण होतं, ते दाबलं. दिवा गेला. मी खूश. बाबा म्हणाले, “दिवा बंद झाला म्हणजे गाडी ठीक झाली का रे?” मी म्हटलं, हो, सेन्सरचा काहीतरी गोंधळ असेल. चार दिवसांनी दिवा परत आला, मी परत पुसला. असं तीन आठवडे चाललं.

ऑफिसमध्ये कुणी एरर दुरुस्त न करता फक्त लॉग पुसला असता तर मी त्याला झापलं असतं. घरी मी तेच करत होतो. शिवाय कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे पुरावाच जातो. आणि त्या तीन आठवड्यांत कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात होतं. गॅरेजवाल्याने कन्व्हर्टरचं नाव घेतलं तेव्हा मला म्हणूनच घाम फुटला. त्याचं निदान खरं असतं, तर ते पन्नास हजार माझ्या ‘क्लिअर’ बटणाने घालवले असते.

गाडी सावकाश, रात्रीच्या थंड हवेत घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘अदलाबदल चाचणी’ केली. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल गाडीत ती अशी करतात:

• इंजिन पूर्ण थंड असू द्या, चावी काढून घ्या. इंजिन सुरू असताना कॉइलला अजिबात हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.
• बिघाड दाखवणाऱ्या सिलिंडरची कॉइल शोधा. एक नंबरचा सिलिंडर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला असतो. तरी मॅन्युअल बघा. काढण्यापूर्वी फोटो काढा.
• कनेक्टरचं लॉक दाबून काढा, बोल्ट सोडवा (बऱ्याचदा १० नंबरचा पाना लागतो), कॉइल सरळ वर ओढा.
• ती शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि तिथली इकडे. कनेक्टर नीट बसल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा.
• कोड पुसा, इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू द्या आणि परत कोड वाचा. ‘पेंडिंग’ कोडही बघा, कारण पक्का कोड यायला बऱ्याचदा दुसरी फेरी लागते.

आमचा कोड पी०३०३ वरून पी०३०२ झाला. म्हणजे बिघाड कॉइलबरोबर सरकला, अर्थात कॉइलच खराब. कोड जागचा हलला नसता, तर तशीच अदलाबदल प्लगची करायची. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते गॅरेजचं काम. आम्ही नवी कॉइल टाकली, चारही प्लग बदलले, कोड शेवटचा एकदा पुसला. कन्व्हर्टर वाचला. तो माझ्या हुशारीने नाही, नशिबाने वाचला.

नियम एकच: आधी स्क्रीनशॉट, मग कारण, मग दुरुस्ती, आणि कोड सगळ्यात शेवटी पुसायचा.

५. गाडी सुरूच होत नाही

सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं, यावर निम्मं निदान होतं.

• नुसतं ‘टक-टक-टक’ आणि दिवे मंद: बॅटरी बसली किंवा टर्मिनल सैल.
• एकच जोरात ‘टक’, दिवे ठणठणीत: स्टार्टर मोटर.
• काहीच आवाज नाही: क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’वर आहे का, चावीचा सेल संपलाय का, ते आधी बघा. मग फ्यूज.
• इंजिन फिरतं पण पेट घेत नाही: पेट्रोल, फ्यूएल पंप, इमोबिलायझर. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक ‘हूं’ असा पंपाचा आवाज येतो का ते ऐका.

बॅटरी तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. ॲपमधला व्होल्टेजचा आकडाही अंदाजासाठी ठीक, पण त्यात थोडा फरक पडतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर:

• १२.६ व्होल्ट किंवा जास्त: पूर्ण चार्ज
• १२.४: साधारण पाऊण
• १२.२: साधारण निम्मी
• १२.० किंवा कमी: जवळपास रिकामी

सेल्फ मारताना आकडा क्षणभर खाली येतो. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.७ ते १४.७ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत पेट्रोल वाचवण्यासाठी अल्टरनेटर मधूनमधून कमी चार्ज करतो, म्हणून एकच आकडा बघून निष्कर्ष काढू नका. पण इंजिन चालू असताना आकडा सतत १२.५ च्या खाली जात राहिला तर अल्टरनेटरकडे बघा. बॅटरी बदलून काही होणार नाही.

बॅटरी थंडीत दगा देते असं इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं, ते थंड देशांतल्या लोकांनी लिहिलंय. आपल्याकडे तिला मारतो उन्हाळा. उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. मग डिसेंबरच्या सकाळी ती फक्त हात वर करते. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आला असेल तर गाडी बंद करून आधी ‘वजा’ची, मग ‘अधिक’ची वायर काढा, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि उलट क्रमाने जोडा.

जंपर वायरचा क्रम: लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या ‘अधिक’ला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या ‘अधिक’ला, काळा चांगल्या बॅटरीच्या ‘वजा’ला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. काढताना उलट क्रम.

६. इंजिन तापतंय

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपात सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटखाली काय अवस्था असेल, याची कल्पना करा. आणि आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि हाताबाहेर गेल्यावर लाल. मधलं काहीच कळत नाही. इथे ओबीडी खरंच उपयोगी पडतं: ॲपमध्ये ‘कूलंट टेंपरेचर’ लावून ठेवा. बहुतेक गाड्यांत ८५ ते १०५ अंश हे नेहमीचं. ११० च्या वर चढत राहिलं तर थांबायची वेळ झाली.

गाडी तापली तर:

• एसी बंद करा, हीटर फुल करा. घाम निघेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल.
• सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, किमान अर्धा-पाऊण तास थांबा.
• रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो, एका क्षणात त्याची वाफ होते आणि ती तुमच्या तोंडावर येते. फडकं धरूनसुद्धा नाही.
• थंड झाल्यावर प्लास्टिकच्या टाकीत पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे का ते बघा.

कारण कसं शोधायचं? उभी असताना तापते आणि धावताना ठीक असते, तर पंख्याचा बिघाड. एसी लावल्यावर पंखा फिरतो का ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज तपासा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून बघा. धावतानाच तापते, तर कूलंट कमी, रेडिएटर चोक किंवा थर्मोस्टॅट बंद अडकलेला. कूलंट वारंवार कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, आणि एक्झॉस्टमधून सतत पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट. तिथे घरगुती उपाय संपले.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. त्यातले क्षार आत थर धरतात. अडचणीत डिस्टिल्ड वॉटर चालेल, नंतर योग्य कूलंट भरून घ्या.

७. एसी गार करत नाही

“गॅस संपली, भरून टाकू” हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरतो. झपाट्याने कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा उडून जाणार. त्याआधी हे बघा:

• हवाच कमी येते: केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन मिनिटांत निघतो आणि आतला कचरा बघून धक्का बसतो.
• हवा येते पण उभी असताना गरम, धावताना गार: कंडेन्सरचा पंखा.
• कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) धुळीने भरलेला: हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंपाने पाती वाकतात.
• एसी चालू करताना इंजिनातून ‘टक’ आवाज येत नाही: कॉम्प्रेसरचा क्लच लागत नाही. फ्यूज-रिले बघा, मग मेकॅनिक.

८. टायर: फुकटात होणारी सगळ्यात मोठी तपासणी

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता आणि कारसाठी ताशी १२० ची मर्यादा. शहरात चाळिशीने फिरणारा जुना टायर तिथे तासन्‌तास तापतो. निघण्यापूर्वी पाच मिनिटं द्या:

• हवा टायर थंड असतानाच तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नका.
• तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. म्हणून वाटेत गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नका. टायर फुटण्यामागे बऱ्याचदा कमी हवा असते. कमी हवेत टायर जास्त वाकतो आणि आतून तापतो.
• टायरच्या बाजूला ‘डॉट’च्या शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. खाचा दिसत असल्या तरी सहा-सात वर्षांचा टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नका.
• खाचांमध्ये मध्ये-मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, बदला.
• बाजूला फुगा आला असेल तर त्याच दिवशी बदला.
• स्टेपनीतली हवासुद्धा बघा. ती नेहमी विसरली जाते.

९. पाणी शिरलेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि आसपासच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा होते ती सेल्फ मारून बघायची. ते करू नका.

कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना पिस्टन वर आला की ताकद कनेक्टिंग रॉडवर येते आणि तो वाकतो. बुडलेलं पण न फिरवलेलं इंजिन बऱ्याचदा वाचतं. फिरवलेलं इंजिन उघडावं लागतं. शिवाय बहुतेक साध्या विमा पॉलिसींत अशा नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जास्तीचं कव्हर लागतं. पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये असेलच, आजच उघडून बघा.

पाणी कुठवर होतं त्याचे फोटो काढा, सुरक्षित असेल तर बॅटरीची ‘वजा’ वायर काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर तिच्याजवळही जाऊ नका.

१०. इथे हात लावायचा नाही

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं. जॅक टायर बदलण्यापुरता असतो.
• एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि कनेक्टर.
• हायब्रिड-इलेक्ट्रिकच्या केशरी जाड वायरी. त्यातला करंट जीव घेतो.
• ब्रेकचे पाइप आणि ब्रेक ऑइल. घरी फक्त पातळी बघा आणि आवाज ऐका. बारीक किंचाळणारा आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे संपलेत. पेडल खाली जात असेल तर गाडी हलवू नका.
• पेट्रोलची लाइन आणि सीएनजी किट.
• उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार. फ्यूज पुन्हा उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. तार टाकली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का, हे आधी बघा.

११. गॅरेजमध्ये काय बोलायचं?

घरी निदान करायचं ते मेकॅनिकला शिकवायला नाही. चांगला मेकॅनिक आवाजावरून जे ओळखतो, ते ॲपला जन्मात जमणार नाही. आमची कॉइल खराब आहे हे कळल्यावर ती बसवताना दुसऱ्या एका मेकॅनिककाकांनी हात फिरवूनच सांगितलं की प्लगच्या विहिरीत ऑइल झिरपतंय, गॅस्केट बदला, नाहीतर नवी कॉइलही जाईल. ते माझ्या कोणत्याच स्क्रीनवर नव्हतं.

म्हणून ‘गाडी बिघडलीय’ एवढंच न सांगता लक्षणं सांगा: कधी होतं, थंड असताना की गरम, एसी चालू असताना की बंद, कोड कोणता आला. स्क्रीनशॉट दाखवा. आणि महागडा पार्ट सांगितला तर शांतपणे तीन प्रश्न विचारा: हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं? त्याआधी स्वस्तातलं काय तपासता येईल? जुना पार्ट मला परत मिळेल ना? खरं काम करणारा माणूस या प्रश्नांवर चिडत नाही.

आमच्या गाडीतला तो दिवा त्यानंतर लागलेला नाही. अडॅप्टर मात्र ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. परवा शेजारच्या काकांच्या गाडीत दिवा लागला तेव्हा बाबांनीच तो काढून दिला आणि बजावलं, “पहिले फोटो काढ. पुसू नको.”